प्रॉम्प्टरच्या नावाचं पान

रंगमंचावर मी आजवर किती जेवणं जेवलो, सांगता येणार नाही. आमच्या पेडण्याकडे देवळाच्या काल्याच्या उत्सवाला गावकरीच नाटक करतात, आणि राजा, सासरा, खादाड पाहुणा अशी पोटावरून हात फिरवायची सगळी कामं माझी. ताट रिकामं, वाट्या रिकाम्या, पण मी असा चवीने जेवायचो की पुढे बसलेल्या बायकांना भूक लागायची. मग विंगेतून प्रॉम्प्टर दबक्या आवाजात म्हणायचा, आता हात धू आणि पुढचं वाक्य घे.

तो प्रॉम्प्टर आमचा शेजारी, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. तो गेल्यापासून दर पितृपक्षात, त्याच्या म्हाळाच्या दिवशी, त्याच्या नावाचं पान मी जेवतो. गेलेल्या माणसासाठी पान वाढायचं, त्याच्या जवळच्या कुणाला तिथे बसवायचं आणि त्याने पान स्वच्छ करून उठायचं, ही त्या घरची रीत. पानावर काही उरलं तर तो अर्धपोटी परत गेला असं समजायचं. त्याच्या बायकोला मी वैनी म्हणतो. तिने माझीच निवड का केली हे वेगळं सांगायला नको. माझ्या पानावर कधी चटणीचं बोटसुद्धा उरलं नव्हतं.

एका वर्षी मात्र मला घास उतरत नव्हता. तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो मी. दुपारी डबा उघडला की दोन घासांनंतर छातीच्या मधोमध काहीतरी अडून बसायचं. मग उभं राहायचं, खांदे मागे घ्यायचे, गरम पाण्याचे घोट घ्यायचे आणि वाट बघायची. सकाळचा उंडा पाव चहात बुडवून लगदा केला तरच खाली जायचा. पुढे पुढे तर पाणीही थांबून थांबून उतरू लागलं. वाकलो की खाल्लेलं तसंच्या तसं तोंडात यायचं, आणि छातीत जळजळ होत राहायची. सगळे म्हणाले पित्त, मीही म्हणालो पित्त. फार्मसीवाला मला बघताच गोळ्यांची पट्टी काढून ठेवायचा. विजार कमरेवर राहीना, तेव्हा मी पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घेतलं आणि लोकांना सांगितलं, पुढच्या काल्याला तरुण नायकाचं काम करणार आहे.

म्हाळाच्या दिवशी पानावर बसलो. वडे, मिश्र भाज्यांचं खतखतं, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्यांची आमटी, खीर. समोर वैनी, हातात वाढायचा डाव. पहिल्याच वड्याला छातीतलं दार बंद झालं. मग मी मला येत होतं तेच केलं. रिकाम्या तोंडाने चावलो, मान हलवली, वा वा म्हणालो, भाजी पसरून कमी केली, आणि तीन वडे झब्ब्याच्या खिशात घातले. बाहेर कावळ्यासाठी वाढून ठेवलेल्या घासाकडे, वाडीकडे, अजून कावळा फिरकला नव्हता. बघून येतो म्हणून मी उठलो, अंगणाच्या कडेला जाऊन ते तिन्ही वडे कुस्करून टाकले. दोन-चार कावळे लगेच उतरले. घरातली माणसं हात जोडून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, आज तो तृप्त झाला. इतकी दाद मला कुठल्याही नाटकात मिळाली नव्हती, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

परत येऊन बसलो. वैनी माझ्या खिशावरच्या तेलाच्या डागाकडे बघत होती. इतर माणसं मागच्या दारी हात धुवायला जाईपर्यंत ती थांबली.

"भावजी, नाटक पुरे," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमकां गिळूंक जायना, खरें न्हय?"

मी म्हणालो, पित्त आहे थोडं.

"तांकांय असोच घांस अडकतालो. पित्त पित्त म्हणत रावले."

तेव्हा मला आठवलं. शेवटच्या काल्याला तो विंगेत बसून पेजेचं पाणी पीत होता आणि आम्ही त्याला चिडवत होतो. डॉक्टरकडे गेला तेव्हा अन्ननलिकेतली गाठ फार वाढलेली होती. माझ्यापुढे अर्धं पान तसंच होतं. वैनीने ते स्वतः उचललं. ते अर्धपोटी गेले तर जाऊ देत, मी त्यांना समजावीन, पण तुम्ही उद्या पणजीला डॉक्टरकडे जा, एवढंच तिने सांगितलं.

मी गेलो. तोवर मला भीती कशाची वाटत होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. आधी दुर्बिणीने आत पाहिलं. गाठ नव्हती. मग पांढरं औषध पाजून एक्स-रे काढले, आणि नाकातून बारीक नळी घालून एकेक घोट पाणी गिळायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की अन्ननलिका घासाला खाली ढकलत नेते आणि तळाशी असलेली झडप वेळेवर सैल होते; माझ्यात ढकलणं बंद पडलं होतं आणि झडप सैल होत नव्हती. जळजळ बहुधा साठून राहिलेल्या अन्नाची होती, पित्ताच्या गोळ्या तिथे काय करणार. म्हणजे पडदा ओढणाऱ्याला झोप लागलीय, मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. फुग्याने झडप ताणून वाट मोकळी करता येईल, पण ढकलणं परत येणार नाही, सावकाश खायची सवय जन्मभर ठेवा, असं त्यांनी बजावलं.

फुग्याने वाट मोकळी करून घेतली, आणि पुढच्या म्हाळाला मी पुन्हा त्या पानावर बसलो. या वेळी पानावर मधोमध पातळ पेजेची वाटी होती आणि कडेला एकच वडा. इतकी वर्षं मी त्यांना न गिळता येणारंच वाढत आले, वैनी म्हणाली. पेज त्यांची, वडा तुमचा.

पेज मी दोन्ही हातांनी वाटी धरून संपवली. मग वड्याचा तुकडा तोडला, पुष्कळ वेळ चावला आणि गिळला. वैनी पानाकडे बघत नव्हती, माझ्या गळ्याकडे बघत होती. तुकडा छातीत क्षणभर थांबला. मी एक घोट गरम पाणी घेतलं.

"घांस उतरलो, वैनी," मी म्हणालो.

ती खात्री होईपर्यंत तशीच बसून राहिली. वडा संपवायला मला अर्धा तास लागला. तोवर वैनीने बाकी कुणाचं पान वाढायला घेतलं नाही.