डाव्या हाताची कात्री

आमच्या शेजारची शिंपीण डावखुरी. तिची मोठी कात्री मुद्दाम डाव्या हातासाठी बनवून घेतलेली. उजव्या हातात ती धड चालतच नाही. परवा धाकट्या जावेने पडदे कापायला मागितली, हिने दिली.

जाऊ उजव्या हाताने काम करणारी. कापड कापलं जाईना, तेव्हा बिचारीला वाटलं, धार गेली. परत करण्याआधी शिंपिणीला बरं वाटावं म्हणून तिने ती धारवाल्याकडे नेली. त्याने नेहमीच्या कात्रीसारखी घासून पार बिघडवली.

आज दवाखान्याच्या कोटांचं कापड पुढ्यात होतं. संध्याकाळपर्यंत कापलं नाही तर काम दुसरीकडे जाणार, आणि घर त्याच कामावर चाललेलं. कात्री नुसती कापड चावत होती.

"बाई, माझा हातच तोडून आणला हो तिने," शिंपीण रडकुंडीला येऊन मला म्हणाली.

"तिला सांगितलंस?"

"कसं सांगू? केवढ्या कौतुकाने आणून दिली. कळलं तर पुन्हा दारात पाऊल टाकायची नाही."

तेवढ्यात जाऊच आली. "काय जाऊबाई, पळतेय ना कात्री?"

शिंपिणीने एकदा पुढ्यातल्या कापडाकडे पाहिलं आणि डोळे पुसले. "पळतेय कसली! वाट लावलीस तिची."

जावेला रडूच फुटलं.

"रडत बसू नकोस आता," शिंपीण म्हणाली. "तुझी घरातली कात्री आण. ती माझ्या डाव्या हातात चालायची नाही; मी खुणा करते, तू काप."

जावेने धावत जाऊन कात्री आणली आणि कापायला घेतलं. पहिलीच कड वाकडी गेली. कापड तर मोजकंच होतं.

"शिवणीत घेईन मी ती," शिंपीण कशीबशी म्हणाली. "थांबू नकोस."