वेलबुट्टीतली खिडकी

निवृत्त झाल्यावर लोक मक्केला उमरा करायला जातात. गलूम खेळण्यांच्या दुकानात गेला आणि रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी घेऊन आला. सगळी नोकरी अ‍ॅल्युमिनियमच्या भट्टीपुढे काढलेला धडधाकट माणूस! बहरीनमधल्या नुवैदरात नावाच्या त्या गावाने म्हातारचळ लागल्याचं एकमताने ठरवून टाकलं. एकट्या तैबाने, त्याच्या बायकोने, गाडीचं पारदर्शक प्लास्टिकचं कवच उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "रंग आतून द्यायचा की बाहेरून?"

तैबा आसपासच्या गावांतली नावाजलेली मेंदीवाली. तिच्या हातची मेंदी नाही म्हणून लग्नं पुढे ढकलली गेली आहेत. कवच आतून रंगवायचं असतं, त्यामुळे नक्षी उलटी काढावी लागते. तिने ती काढली. पुढून निघालेली वेल छपरावरून मागे जाता जाता दाट होत गेली होती. त्यानंतर वर्षाच्या आतच तिचे हात थरथरायला लागले आणि मेंदी सुटली. ते कवच तिचं शेवटचं काम ठरलं.

आणि गाडी? ती एकही शर्यत पुरी करेना. दर शुक्रवारी दुपारी फुटबॉलच्या मैदानामागच्या डांबरी पट्टीवर ती जोरात सुटायची आणि शेवटच्या फेऱ्यांत मोटर तापून मुकाट उभी राहायची. गलूमने मोटरवर पंखा बसवला, अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या चढवल्या, मासळीवाल्या मकीच्या पेटीतला बर्फ पिशवीत घालून दोन शर्यतींच्या मध्ये मोटरवर ठेवला. मोटर थंड झाली नाही, तिला सुरमईचा वास मात्र लागला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

मकी त्याचा जिवलग आणि तोंडाचा फाटका. तो दर शुक्रवारी तेच सांगे. "अरे शहाण्या, पंखा वारा आत घेतो, पण तापलेली हवा बाहेर जाणार कुठून? मागे खिडकी काप. सगळ्यांनी कापली आहे."

गलूम ऐकून घ्यायचा आणि मागची दाट वेल अंगठ्याने पुसायचा. घरी विचारलं तर सांगायचा, "बॅटरी खराब होती."

उन्हाळ्याआधीच्या शेवटच्या शर्यतीला तैबा पहिल्यांदाच आली, उकडलेल्या हरभऱ्यांचं भांडं घेऊन. तिच्यादेखत पहिल्या डावात गाडी उभी राहिली. गलूम खाली मान घालून ती उचलून घेऊन आला. कवच काढताच जळकट वास सुटला.

"बॅटरी का?" तैबाने विचारलं.

"कसली बॅटरी, वहिनी!" मकी बोलून गेला. "तुमची वेल कापवत नाही याला. बायकोवर एवढा जीव, मोटर गेली खड्ड्यात!"

गलूमने त्याच्याकडे असं पाहिलं की मकीने दोन मुठी हरभरे एकदम तोंडात कोंबले.

तैबा गलूमकडे वळली आणि नेहमीसारखी मुलाच्या नावाने हाक मारून म्हणाली, "अबू जवाद, मी जन्मभर पोरींच्या हातांवर मेंदी काढली. महिन्याभरात पुसून जायची. मी कधी रडत बसले का?"

"ती पुन्हा काढता येत होती तुला," गलूम म्हणाला.

"कात्री दे."

तिने कात्री लावली आणि तिचा हात थरथरायला लागला. त्याने चटकन तिचं मनगट धरलं.

"कवच धर. हात नको धरूस."

त्याने कवच धरलं. खिडकी झाली, पण कड उंदराने कुरतडल्यासारखी.

शेवटच्या डावात गाडी पळत राहिली. पुढच्या गाड्या कधीच पोचल्या होत्या, तरी ती पळतच होती, आणि तिने रेषा ओलांडली तेव्हा गलूम सातवा आला होता. कवच काढून त्याने तैबाचं बोट अलगद मोटरवर ठेवलं. आजवर त्याने तिला कधी मोटरीच्या जवळही येऊ दिलं नव्हतं.

"गरम आहे," बोट तसंच ठेवून ती म्हणाली, "पण तुझ्या डोक्यापेक्षा कमी."

तेवढ्यात मकी कात्री घेऊन आला. "आण इकडे, कड नीट करून देतो."

गलूमने कवच पोटाशी धरलं. "हात लावलास तर याद राख. शेवटचं काम आहे तिचं."

"शेवटचं?" तैबाने रिकामं भांडं उचललं. "पुढच्या हंगामाला नवं कवच आण. खिडकी मी कापेन. नक्षी तू काढ."