घरची केमिस्ट

"केमिस्ट घरातच भेटली, बंडूभाऊ. पगार वाचला!"

हे मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बोलले, मी खिडकीआड भांडी पुसत होते. लग्नाला दोन महिने झालेले, आणि अकोल्याच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचं नेमणूक-पत्र माझ्या पर्समध्ये. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नव्या सुनेला बोलायचं काम नसतं, त्यामुळे किस्से फुकट जमतात.

वलगावच्या आमच्या शेतात ग्रीन हायड्रोजनचा प्लांट टाकायचा होता. मामाजी, थोरले भाऊजी आणि शेजारचे बंडूकाका तक्ता घेऊन बसले, कोणती पद्धत स्वस्त ते ठरवायला.

*

पहिली पद्धत, सोलरच्या विजेवर पाणी फोडायचं. विजेचा खर्च मामाजींनी शून्य लिहिला. "ऊन काय विकत घ्या लागते?"

पॅनेलही मग उन्हातच उगवत असावेत. त्यांच्यापुढेही शून्यच होता!

*

दुसरी, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, भट्टीत तापवून तिचा गॅस करायचा. बंडूकाका म्हणाले, पऱ्हाटी तर वावरात पडूनच राहते, खर्च कशाचा?

ती उपटून, मोळ्या बांधून सासूबाई नुकत्याच आल्या होत्या. एक हात कमरेवर ठेवून त्यांनी काकांना पाणी दिलं.

*

किती ऊर्जा घातली आणि किती मिळाली, तो रकाना भाऊजींकडे. त्यांची आयडिया साधी: हायड्रोजनवर जनरेटर चालवायचा, त्याच विजेनं पुन्हा पाणी फोडायचं. "एकदा चालू झालं का चालूच!"

नवऱ्यानं स्वयंपाकघरात हळूच विचारलं. मी सांगितलं, घातलेल्या विजेतला जेमतेम तिसरा हिस्सा परत येतो. तो बाहेर जाऊन म्हणाला, "ती म्हणते, थोडा विचार करा लागते."

"तिले म्हणाव, शुभ कामात निगेटिव्ह बोलू नको," मामाजी म्हणाले.

*

रविवारी तक्ता मोठ्यानं वाचला गेला. मामाजी चेअरमन, मानधन. भाऊजी डायरेक्टर, मानधन आणि मोटरसायकलचं पेट्रोल. बंडूकाका सल्लागार, येण्या-जाण्याचा भत्ता. ते समोरच राहतात.

"केमिस्ट, घरची. शून्य."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मामाजी, ऊन फुकट, आईची कंबर फुकट, अन् मी फुकट. म्हणून दोन्ही पद्धती स्वस्त दिसून राहिल्या. माझं नाव खोडा, तिथं पगारी माणूस लिहा, अन् मग किलोचा भाव काढा. मी उद्या आठच्या गाडीनं अकोल्याले जाऊन राहिली."