पडद्याच्या कापडाचा ब्लाऊज

आधीच सांगतो, या ग्रुपवरचे निम्मे अनुभव वाचताना मला जांभया येतात. प्रत्येकाला घाटात पांढऱ्या साडीतलीच बाई भेटते आणि मोबाईल नेमका तेव्हाच बंद पडतो. भुतांनाही थोडी कल्पनाशक्ती असावी की नाही? असो...

मी वाघोलीत राहतो. बिस्किटांच्या पुड्यांचं डिझाईन करून पोट भरतो. हात चालता राहावा म्हणून सुट्टीच्या दिवशी रेट्रो कॅरेक्टर्स काढतो — सत्तरच्या दशकातली माणसं, बेलबॉटम, लांब कॉलरी, फुगवलेले केस. सगळी मनातली. फोटो ट्रेस करून स्वतःला आर्टिस्ट म्हणवणाऱ्यांची मला कीव येते.

मागच्या वर्षी अशीच एक मुलगी काढली. विशीतली, हसरी, पुढचा दात किंचित तुटलेला. ब्लाऊजवर मोठी नारिंगी वर्तुळं आणि त्यांत हिरवी पानं. ऑनलाईन टाकली. चार लोकांनी अंगठे दाखवले, विषय संपला.

मग शनिवार पेठेतल्या एका रिटायर्ड गृहस्थांचा मेसेज आला. नमस्कार वगैरे भानगड नाही. लहानपणी पाहिलेल्या आमच्या मावशीचा फोटो आपल्याकडे कसा, असा थेट सवाल. हे चित्र आहे, आपल्या मावशीशी माझा परिचय नाही, असं कळवलं. त्यावर कोर्टाची धमकी. म्हटलं, चित्र कसं काढतात ते येऊनच दाखवतो.

रविवारी सकाळी गेलो. चहा विचारला नाही. तशी अपेक्षाही नव्हती. गृहस्थांच्या आई खिडकीशी बसल्या होत्या, ऐंशीच्या आसपासच्या. त्यांनी माझ्याकडची प्रिंट चष्म्याजवळ नेली, बराच वेळ पाहिली आणि मुलाला म्हणाल्या, "फोटो कुठून असणार? माझ्या बाबांनी तिचे सगळे फोटो बंबात घातले होते."

धाकटी बहीण. परजातीतल्या मुलाबरोबर निघून गेली, त्यानंतर घरात तिचं नाव काढायची बंदी. ती परदेशात सुखात आहे, एवढंच थोरल्या भावाने सांगितलं होतं. त्यावर या बाईंनी सगळं आयुष्य काढलं.

मी समजावलं की काकू, त्या काळात असली प्रिंट घरोघरी असायची, आणि तुटका दात काय, कुणाचाही असतो. माझा सूर जरा वरचाच होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे आमच्या पडद्याचं कापड. उरलं त्याचा तिनं ब्लाऊज शिवला. त्यावर नुसती वर्तुळं होती. पानं मी रंगवली, हात बसावा म्हणून. बाजारात नव्हतं हे."



मग त्या म्हणाल्या, "आता ती कशी दिसत असेल, तेवढं काढून दाखवा."

चेहरा म्हातारा करणं म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांचा सराव. मी तिथेच बसलो. पहिलं चित्र पाहून त्या म्हणाल्या, ही तर आमची आत्या. दुसरं कुणाचंच नव्हतं. एक सुरकुती ओढली की चेहरा दुसऱ्याचाच व्हायचा. सुरकुत्या खोडल्या की ही पुन्हा समोर — विशीतली, हसणारी. मी कागदाला दोष दिला. गृहस्थ, जे मघापर्यंत मला चोर ठरवत होते, ते निमूटपणे दुसरा कागद आणायला उठले.

काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "राहू द्या. कळलं मला."

याला योगायोग म्हणणाऱ्यांनी कमेंटचे कष्ट घेऊ नयेत. ते मी स्वतःला सांगून झालंय. आणि आत्मा-बित्मा म्हणणाऱ्यांनी तर मुळीच नकोत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, एवढंच. कुठून पत्र नव्हतं, फोन नव्हता, बातमी नव्हती. पण मी चपला घालत होतो तेव्हा त्या उठल्या, सुनेला दुसरं लुगडं काढून ठेवायला सांगितलं, आणि मरणाची बातमी आल्यावर करतात तशी डोक्यावरून अंघोळ करायला आत गेल्या.