दोन सेन्सर आणि मावशीचा झोपाळा

नवऱ्याने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेतला आणि माझा जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा विकायची जाहिरातही लिहून ठेवली. घरात दोन कशाला, हे त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी तुलना होऊ दे, हरेल तो विकू. म्हणून हा मुरुडचा दौरा. समुद्र, नारळ वगैरे ओघाने आले.

गाडीसकट जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट. सुट्टीच्या दिवशीचं तिकीट आधीच काढा. अलिबागला मिसळ खाऊन लगेच निघा, कारण पुढे रस्ता अरुंद आहे आणि काशीदला सगळ्यांनाच थांबायचं असतं. आम्ही थांबलो नाही. नवऱ्याला मुरुडचा संधिप्रकाश गाठायचा होता.

कमी उजेडात मोठा सेन्सर सरस ठरतो, हे मला ठाऊक होतं. तरी किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून आम्ही एकच होडी आळीपाळीने टिपत बसलो. जाळं आवरणारी एक कोळीण बराच वेळ बघत होती.

"एकाच होडीचं फोटू दोगांनी कशाला काढताय? पलून न्हाय जायची ती."

नवरा तिला सेन्सर समजावू लागला. ती जाळं उचलून निघून गेली.

जेवताना फोटो मोठे करून पाहिले. त्याची होडी स्वच्छ, माझ्या होडीवर रवा सांडल्यासारखे ठिपके. सुरमई ताजी होती म्हणे. मला चव लागली नाही.

परतताना चौलला मावशीकडे थांबलो. तिची आणि भाऊकाकांची तिथे नारळी-सुपारीची वाडी आहे. मावशीला दोघांचा एकत्र फोटो हवा होता. ती झोपाळ्यावर बसली, काका मागे उभे राहिले.

"शेजारी बसा की," मी म्हटलं.

"जावयासमोर? काहीतरीच," मावशी म्हणाली.

दोन्ही कॅमेऱ्यांत एकच चौकट, भिंगं पूर्ण उघडी. मोठ्या सेन्सरची हीच तर मिजास, की मागचं सगळं धूसर होतं. या वेळी त्यात काकाही गेले. माझ्या फोटोत मात्र दोघंही नीट दिसत होते. मी जिंकले होते आणि ते लपवलंही नाही.

मावशीने दोन्ही फोटो पाहिले आणि नवऱ्याचा निवडला.

"अगं, त्यात काका कुठे दिसतायत?"

"असू दे. घरात पूजेचे ढीगभर फोटो आहेत. सगळ्यांत हे पुढे, आणि यांच्या हाताला लावलेला माझा नुसता हात. एकात तरी मी दिसू दे."

काका आमच्या गाडीत शहाळी ठेवत राहिले. परतीच्या बोटीत मला कॅमेऱ्यापेक्षा त्या हाताचंच वाईट वाटत होतं.

घरी आल्यावर मावशीचा फोटो छापून पाठवला. मावशीच्या निवडीने मी हरले होते, म्हणून दिल्या शब्दाप्रमाणे जाहिरातही वाचायला घेतली. 'फारसा न वापरलेला' हे धादांत खोटं होतं, ते काढायला लावलं. तेवढ्यात भाऊकाकांचा फोन आला. ते सहसा कुणाला फोन करत नाहीत. मी स्पीकर लावला.

"तुझ्या कॅमेऱ्यातला पण एक धाड गं. मावशीला सांगू नकोस."

"त्यात तुम्ही स्पष्ट दिसता म्हणून?"

"माझं काय बघायचंय? त्यात मी तिच्याबरोबर आहे."

नवऱ्याने जाहिरात पुसून टाकली.