झाकणावरचं नाव

नानकटाई दाबली की तिचा चुरा व्हायला हवा. आमच्या टेबलावरची नानकटाई वाकत होती.

"अहो, खोक्यात भरली तेव्हा चांगली खुसखुशीत होती," शोभाताई कांबळे म्हणाल्या.

हडपसरच्या एका खोकी बनवणाऱ्या कंपनीत मी पॅकेजिंग डेव्हलपमेंटला होते. म्हणजे आत काय जाणार ते बघून खोकं कसं असावं ते ठरवायचं. शोभाताई बिबवेवाडीच्या. नवऱ्याच्या कारखान्यात व्हीआरएस आली, तेव्हापासून घर त्यांच्या ओव्हनवर चालत होतं. हडपसरलाच नव्याने भरू लागलेल्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीने दिवाळीच्या गिफ्टसाठी त्यांना पहिली मोठी ऑर्डर दिली होती. एका खोक्यात केक आणि नानकटाई. सॅम्पल पास झालं तरच पुढे.

दोष बेकिंगचा नव्हता. केक ओलसर, नानकटाई कोरडी. बंद खोक्यात दोन्ही शेजारी ठेवले की केकमधला ओलावा नानकटाईत जातो. आम्ही याला मॉइश्चर मायग्रेशन म्हणतो. केक सुकतो, नानकटाई मऊ पडते, आणि गिऱ्हाईक दोन्हींना शिळं म्हणतं.

"केक पूर्ण गार करा, मग पाऊचमध्ये सील करा," मी सांगितलं. "गरम भरलात तर आत वाफ धरेल आणि बुरशी येईल. नानकटाईचं पाऊच वेगळं."

त्यांनी तसं केलं. नवीन सॅम्पल आठवडाभर आमच्या कपाटात ठेवून फोडलं. नानकटाईचा चुरा झाला. आमच्या साहेबांनी तो चुराही संपवला.

मग आयटी कंपनीच्या एचआरमधली गौरी डिझाइन बघायला आली. पंचविशीची, हुशार, सारखी घड्याळ बघणारी. झाकणावर 'शोभा कांबळे, बिबवेवाडी' आणि फोन नंबर होता. शोभाताई अजून पोचायच्या होत्या.

"जोशी मॅडम, नाव बदलू या ना. 'आजीचा खाऊ' वगैरे. छान होमली वाटेल."

"बनवणाऱ्याचं नाव-पत्ता पॅकवर लागतो. कायदा आहे."

"मग खाली घालू, बारीक. सणाचं खाणं आहे. काही जणांच्या घरी... तुम्ही समजून घ्या ना."

मला समजलं. माझं आडनाव ऐकून ती मला हे सांगत होती, हेही समजलं.

"त्या येतीलच आता. त्यांनाच सांगा," मी म्हणाले.

शोभाताई आल्या. गौरीने 'आजीचा खाऊ' सुचवलं. काही जणांच्या घरांबद्दल बोलली नाही.

"कोणाची आजी?" शोभाताईंनी विचारलं. "माझी आजी वीटभट्टीवर होती. तिने ओव्हन बघितलासुद्धा नव्हता."

"तसं नाही हो काकू, फक्त ब्रँडिंग..."

"बाई, केक मी करते. नाव माझं राहील, झाकणावरच. चालत नसेल तर ऑर्डर दुसऱ्या कोणाला द्या."

गौरी "कळवते" म्हणून गेली. साहेब माझ्यावर वैतागले.

"तुम्ही मध्ये पडायचं होतं! नाव खाली घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"खोक्यावर आपलं नाव छापायचं ठरलं असतं तर तुम्ही कुठे छापलं असतं?"

साहेबांनी चहा मागवला.

शोभाताई अजून निघाल्या नव्हत्या. खाली गेटपाशी उभ्या होत्या. "बोलून बसले," म्हणाल्या. "लोणी भरून ठेवलंय घरी." मी त्यांची बस येईपर्यंत थांबले.

दोन दिवसांनी गौरीचा फोन आला. "आहे तसंच छापा." दिवाळी तोंडावर होती, दुसरं कोणी मिळालं नसेल, की तिला स्वतःलाच काही वाटलं असेल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

खोकी वेळेत गेली. थोडी त्या आयटी कंपनीच्या पँट्रीत तशीच पडून राहिली, असं नंतर कानावर आलं. बाकीची घरोघरी गेली.

पुढच्या वर्षी त्या कंपनीने ड्रायफ्रूट वाटले. शोभाताईंनी मात्र त्याच वर्षी दुसरा ओव्हन घेतला, कारण खोकी ज्यांच्या घरी गेली होती त्यांतले बरेच जण आता थेट बिबवेवाडीला फोन करत होते. 'आजी'ला फोन करता आला नसता. माल कोणी केला आणि पुन्हा कुठे मिळेल हे सांगणं, लेबलचं काम एवढंच असतं.