गाडीच्या रेडिओची जमीन

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी कळंबला परत आले तेव्हा आमच्या गल्लीत वीज नव्हती. घरात रेडिओ होता तो फक्त वडिलांच्या मोटारीत. वडील धान्याचे अडते. मोटार जुनी, रेडिओ त्याहून जुना. इंजिन चालू केलं की तो फोडणीसारखा तडतडायचा, बंद केलं तरी घुंईऽ घुंईऽ चालूच.

एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण शाळा सुटण्याआधी हैदराबाद केंद्रानं मुलींच्या कार्यक्रमासाठी माझं दहा मिनिटांचं मराठी भाषण रेकॉर्ड करून घेतलं होतं. ते बुधवारी दुपारी एकदाच लागणार होतं. घरात मी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. वडिलांनी मला एकदा सलग दहा मिनिटं ऐकावं, आणि तेव्हा मी त्यांच्यासमोर नसावं, एवढंच मला हवं होतं. आईकरवी मी त्यांना कळवलं.

मंगळवारी मोटारीचे मिस्त्री आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. रेडिओचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात देऊन वडील म्हणाले, "वाच, काय लिहिलंय." आवाज स्वच्छ हवा तर 'अर्थ' पक्का करा, असं त्यात होतं; इंग्रजी 'अर्थ' म्हणजे जमीन, एवढं मला ठाऊक होतं. मी सांगितलं, "तार जमिनीला जोडायची."

"असं व्हय! लातूरच्या गिरणीत आमी हेच करतो की." चाचा खूश झाले. अंगणात खड्डा खणून त्यांनी कोळसा-मीठ घातलं, पहार ठोकली, रेडिओची तार तिला बांधली, वर घागरभर पाणी ओतलं. घुंईऽ घुंईऽ तशीच.

वडील ओसरीवरून म्हणाले, "चाचा, दावं तर बांधलं. आता वैरण टाका गाडीपुढं."

"साब, बेटीनं वाचलं तसं केलं."

बुधवारी सकाळी मी पुढचं पान वाचलं. 'अर्थ' म्हणजे गाडीचाच लोखंडी सांगाडा! रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर तार आवळायची होती. चाचा पहारीला आणखी पाणी घालत होते. त्यांना सांगितलं.

"बेटा, काल जमीन म्हणलीस, आज पत्रा म्हणतीस. उद्या आभाळ म्हणशील!"

सगळे हसले. पुन्हा एकदा ठामपणे सांगायला हवं होतं. मी पुस्तक मिटून आत गेले.

दुपारी वडील मोटारीत बसले, आई दाराशी उभी राहिली. मी स्वयंपाकघरात. माझा आवाज आला, पण उकळत्या पातेल्याखालून आल्यासारखा.

"हीच का ती? का दुसरी कुणी?" वडील कान लावून आईला विचारत होते. "काय म्हणतीय, काहीच कळंना." दहाही मिनिटं ते बटण इकडेतिकडे फिरवत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मी सुरी घेऊन बाहेर आले. कुणाला न विचारता वाकून रंग खरवडला, चाचांच्या पान्यानं तार पत्र्याला आवळली. घुंईऽ घुंईऽ थांबली. बाजारभाव लागले होते. ज्वारी, तूर, करडई. शब्दन् शब्द स्वच्छ.

"वा! आता कसं!" वडील म्हणाले. मी काही बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "थांब, ऐकू दे."